अक्षम की अक्षम्य?

‘माझे वडील आजारपणामुळे चालण्यास अक्षम्य आहेत.’ जळगाव-धुळ्याकडे पेन्शनच्या नाहीतर पीकविम्याच्या अर्जात असं वाक्य दिसतं. लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं ‘अक्षम’. पण एका ‘य’मुळे अंथरुणाला खिळलेला बाप माफ न करण्याजोगा ठरतो, आणि खाली सही-शिक्का होऊन कागद तसाच पुढे जातो. मला हे फार लागतं.

दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘क्षम्’ या एकाच धातूचे. अर्थ सहन करणं, पेलणं. त्याला दोन वाटा फुटल्या. भार पेलतो तो क्षम, म्हणजे समर्थ. दुसऱ्याचा अपराध पोटात घालणं ती क्षमा. सगळ्यांचं ओझं सोसणाऱ्या पृथ्वीलाही संस्कृतात ‘क्षमा’ म्हणतात.

पहिला अर्थ रावेर-यावलकडच्या केळीच्या बागेत डोळ्यांनी दिसतो. घड भरत आला की झाड एका अंगाला झुकतं आणि शेतकरी बांबूचा टेकू देतो. ते झाड तेवढं वजन पेलायला अक्षम आहे. त्यात त्याचा काय दोष? अहिराणीत माणूस ‘हाई माले जमत नही’ म्हणून मोकळा होतो. अक्षममध्ये याहून जास्त काही नाही. ना अपराध, ना ठपका.

‘अक्षम्य’मधला ‘य’ गम्य, लभ्य यांतलाच, ‘करण्याजोगं’ असं सांगणारा. क्षम्य म्हणजे क्षमा करण्याजोगं. अक्षम्य म्हणजे जे पोटात घालताच येत नाही असं. तो बहुधा कृत्याला लागतो. रब्बीच्या पाण्याचं आवर्तन तोंडावर आलेलं असताना कालव्याची फुटलेली चारी तशीच ठेवणं ही अक्षम्य हेळसांड. तिला ‘अक्षम हेळसांड’ म्हटलं तर दोष देणारा शब्दच बोथट होतो. शंका आली तर त्या जागी ‘असमर्थ’ घालून वाचावं. वाक्य नीट लागलं तर ‘य’ नको.

सक्षम अधिकारी, कार्यक्षम, हतनूर धरणाची साठवणक्षमता हे सगळे पहिल्या वाटेचे. ‘क्षमस्व’ दुसऱ्या वाटेचा, आणि तो आज्ञार्थ आहे: ‘क्षमा कर’. म्हणून ‘मी क्षमस्व आहे’ असं लिहू नये. ‘मी क्षमाप्रार्थी आहे’ लिहावं.