हिरड्यांच्या सर्जरीनंतर अँटिबायोटिक लागतंच का?

चिठ्ठीत अँटिबायोटिक दिसलं नाही की बरेच पेशंट दारातून परत येतात, "डॉक्टर, गोळी लिहायची राहिली वाटतं." राहिलेली नसते हो. हिरडीला रक्तपुरवठा भरपूर असतो, जखम पटकन भरते आणि साध्या फ्लॅप सर्जरीनंतर (हिरडी उचलून आतून साफ करून टाके घालतात ती) इन्फेक्शन तसं कमीच होतं, म्हणून धडधाकट माणसाला आम्ही सरसकट कोर्स देत नाही. शुगर कंट्रोलमध्ये नसेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर गोष्ट वेगळी. आणि हृदयाची झडप बदललेली असेल तर डोस सर्जरीच्या आधी अर्धा ते एक तास घ्यायचा असतो, नंतरवर ढकलायचा नसतो, तेव्हा हे अपॉइंटमेंट घेतानाच सांगा.

दुखतंय म्हणून घरात उरलेली अँटिबायोटिकची स्ट्रिप फोडू नका, ती पेनकिलर नाही. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, मग उतरायला लागते. टाक्यांवर पांढरट-पिवळसर साय धरते ती बघून लोक घाबरतात, पण तो पू नाही, जखम भरतानाचा थर आहे, नखाने खरवडू नका!

कोर्स दिलाच असेल तर अमॉक्सिसिलिन दिवसातून तीनदा म्हणजे साधारण आठ-आठ तासांनी, सकाळचा डोस विसरला म्हणून दुपारी दोन एकदम नाही. अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच जातीचं, म्हणून पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, कधी अंगावर नुसतं पुरळ आलेलं असलं तरी, आधी बोला. मेट्रोनिडाझोल हे दुसरं अँटिबायोटिक असेल तर तोंड कडवट, धातूसारखं लागतं, ते चालायचंच, पण दारू पूर्ण बंद, कोर्स संपल्यावरही दोन-तीन दिवस. रक्त पातळ करायची वॉरफेरिन घेत असाल तर मेट्रोनिडाझोलने तिचा असर वाढतो, ते लपवू नका.

खरं काम माउथवॉश करतो. सर्जरीच्या जागी काही दिवस ब्रश लावायचा नसतो ना, म्हणून क्लोरहेक्सिडिन, 0.2 टक्केवालं, 10 मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. पेस्ट लावल्या लावल्या नको, अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर पेस्टमधल्या फेसाच्या पदार्थाने त्याचा असर कमी होतो. दातांवर तपकिरी डाग पडतात, ते आम्ही क्लिनिंगमध्ये काढतो. आणि सिगरेट ओढत राहिलात तर कुठलीही गोळी त्याची भरपाई करत नाही.

तीन दिवसांनंतर दुखणं किंवा सूज वाढतच चालली, ताप आला, पू दिसला तर लगेच फोन करा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल, सूज गळ्याकडे उतरत असेल तर आमची वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठा, फोन वाटेत करा.