डब्यातलं सूप आणि मिठाचा हिशोब

मध्यंतरी एकदा रात्री साडेदहाला घरी आले, पोटात कावळे ओरडत होते आणि स्वयंपाकाचा मूड शून्य, मग कपाटातला सूपचा डबा काढला, फोडला, गरम केला आणि उभ्याउभ्या पातेल्यातूनच संपवला. लेबल वाचलं ते सगळं पोटात गेल्यावर, आपलं नेहमीचंच. एका सर्व्हिंगला सोडियम ७०० मिलिग्रॅम. म्हटलं ठीक आहे, फार काही नाही. मग त्याच्या वरच बारीक अक्षरात दिसलं, डब्यात सर्व्हिंग अडीच! म्हणजे मी एका बैठकीत १७५० मिलिग्रॅम सोडियम प्यायले होते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने अख्ख्या दिवसात २००० च्या आत रहावं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं, म्हणजे साधारण ४.४ ग्रॅम, छोटा पाऊण चमचा मीठ. कोणी वाटीत पाऊण चमचा मीठ दिलं असतं तर मी खाल्लं असतं का? आणि तरी सूप मला खारट लागलं नव्हतं, गंमत ही आहे.

आता यावर लगेच उत्तर येतं की बाबा, डब्यातलं टिकवायचं तर मीठ आणि प्रिझर्व्हेटिव्ह लागणारच. मला पण बरीच वर्षं असंच वाटायचं, पण ते चूक आहे. डब्यातलं सूप मिठामुळे टिकत नाही, उष्णतेमुळे टिकतं.

ही आयडिया निकोला आपेर नावाच्या फ्रेंच मिठाईवाल्याची. त्याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरलं, बुचं घट्ट लावली आणि बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवल्या, अन्न खराबच होईना. १८१० मधे फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. हे का चालतं ते त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, सूक्ष्मजीवांमुळे अन्न नासतं हे लुई पाश्चरने दाखवून द्यायला अजून पन्नासेक वर्षं होती.

आजही तत्त्व तेच, फक्त काटेकोर झालंय. डबा भरतात, हवाबंद करतात आणि मग बंद डब्यासकट आतलं सूप दाबाखाली तापवतात, म्हणजे मोठ्ठा प्रेशर कुकरच. यात खरा शत्रू आहे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा बॅक्टेरिया, त्याचे बीजाणू (म्हणजे कवचात झोपलेलं त्याचं टणक रूप) साध्या उकळत्या पाण्यात तासन् तास तग धरतात आणि हवा नसलेल्या डब्यात जागे होऊन जीवघेणं विष बनवतात. म्हणून डब्याच्या अगदी मधोमध, जिथे उष्णता सगळ्यात शेवटी पोचते तिथे, १२१ अंशाला ३ मिनिटं किंवा त्याच्या तोडीची उष्णता मिळालीच पाहिजे असं गणित असतं. टोमॅटोसारख्या आंबट पदार्थात हे बीजाणू वाढू शकत नाहीत, त्यामुळे तिथे कमी तापमान पुरतं. एवढं सगळं झाल्यावर आत बिघडवणारं कोणी उरतच नाही, मग वेगळं प्रिझर्व्हेटिव्ह हवंय कशाला?

मग मीठ कशासाठी, तर चवीसाठी. एवढं तापवल्यावर भाज्यांचा ताजा वास जातो, सगळं जरा सपक होतं, आणि त्यावर मीठ हा सगळ्यात स्वस्त इलाज. पुरावा शेल्फवरच असतो, मीठ न घातलेलं सूपसुद्धा बंद डब्यात तितकंच टिकतं. हे एकदा कळलं की डब्यावरचा राग जरा निवळतो, कारण भानगड डब्याची नाहीच, रेसिपीची आहे. "कमी सोडियम" आणि "सोडियम कमी केलेलं" हे मात्र एक नव्हे हां. अमेरिकेच्या नियमात पहिलं म्हणजे सर्व्हिंगला १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी, आणि दुसरं म्हणजे नेहमीच्यापेक्षा निदान २५ टक्के कमी, म्हणजे ८०० चं ६०० केलं तरी पुरे, जे अजूनही भरपूरच झालं.

जीवनसत्त्वांबद्दल लोक उगाच फार घाबरतात. सी आणि बी१ उष्णतेने कमी होतात, खरंय. पण फायबर, खनिजं, प्रोटीन कुठे जात नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं जे काही असतं ते सूपमधे आपण पिऊनच टाकतो, उकडलेल्या भाजीच्या पाण्यासारखं सिंकमधे ओतत नाही. टोमॅटोतलं लायकोपीन (त्याला लाल रंग देणारं द्रव्य) तर शिजवल्यावर शरीराला जास्त सहज मिळतं.

सूपचा मला सगळ्यात आवडणारा गुण वेगळाच आहे, पोट भरणं. १९९९ मधे बार्बरा रोल्स आणि सहकाऱ्यांनी २४ बायकांवर एक भारी प्रयोग केला. जेवणाआधी कधी चिकन-भाताचा एक पदार्थ दिला, कधी तोच पदार्थ आणि सोबत ग्लासभर पाणी, आणि कधी तेच पाणी त्याच पदार्थात मिसळून केलेलं सूप. कॅलरी तिन्ही वेळा सारख्या, २७०. सूप घेतलं त्या दिवशी पुढच्या जेवणात जवळपास १०० कॅलरी कमी खाल्ल्या गेल्या, पाणी नुसतं सोबत प्यायल्याने मात्र काहीच फरक पडला नाही! पाणी तेच, पण ते अन्नात असलं की पोट आणि डोकं त्याला अन्न म्हणून मोजतात. हा फायदा पातळ, भाज्यांच्या सूपला. क्रीम आणि स्टार्च घालून घट्ट केलेल्या सूपला तो धरू नका, तिथे कॅलरी चिकार आणि भाजी नावाला.

डब्याच्या आतल्या अस्तराचा मुद्दा मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. अन्न धातूला लागू नये म्हणून आतून एपॉक्सीचा थर देतात आणि त्यात बीपीए हे रसायन असायचं, जे शरीरात हार्मोनसारखं वागू शकतं. २०११ मधे हार्वर्डच्या संशोधकांनी ७५ जणांना ५ दिवस रोज एक वाटी डब्यातलं सूप दिलं आणि ताज्या सूपच्या मानाने त्यांच्या लघवीत बीपीए १२ पटीहून जास्त निघालं. शरीर ते लवकर बाहेर टाकतं, एका डब्याने काही होत नाही, पण रोज खाणाऱ्याला रोजचा डोस मिळतो. बऱ्याच कंपन्या आता दुसरी अस्तरं वापरतात, आणि युरोपियन युनियनने २०२४ मधे अन्नाच्या संपर्कातल्या वस्तूंत बीपीएवर बंदी घातली. बीपीएच्या जागी जे आलं ते सगळं निर्धोक आहे का, यावर मी आत्ताच पैज लावणार नाही.

मग डबे फेकून दिले का, तर नाही. आता मी अर्धाच डबा घेते, त्यात पाणी आणि मूठभर बिनमिठाच्या फ्रोझन भाज्या टाकते, उकडलेले बीन्स असले तर तेही, कारण नुसत्या सूपमधे प्रोटीन फारच थोडं असतं आणि तासाभरात परत भूक लागते. मिठाची जागा लिंबू आणि मिरपूड बऱ्यापैकी भरून काढतात. पहिले आठ-दहा दिवस बेचव लागलं, नंतर जीभ वळली, आणि परवा कोणाकडे तरी नेहमीचं सूप प्यायले तर समुद्र प्यायल्यासारखं वाटलं.

उरलेला अर्धा डबा तसाच उघडा फ्रिजमधे ठेवत नाही, काचेच्या भांड्यात काढते आणि तीन दिवसांत संपवते. आणि डबा फुगलेला असेल, गळत असेल किंवा शिवणीवर खोल पोचा पडला असेल तर चव घेऊन बघण्याच्या फंदात न पडता सरळ कचऱ्यात, बोट्युलिनमचं विष चवीला कळत नाही.