पाण्याच्या बिलातली दुसरी ओळ

मुंबईत पाणीपट्टीवाढीचा विषय निघाला की बोलणं पाण्याबद्दलच होतं. बिलात मात्र पाण्याच्या आकाराखाली आणखी एक ओळ असते: मलनिःसारण आकार. तो पाण्याच्या आकाराच्या ७० टक्के असतो. पूर्वी ६० टक्के होता. त्यामुळे पाण्याचा दर वाढला की सांडपाण्याचा आकार आपोआप चढतो. घराबाहेर जाणारं पाणी मोजणारा मीटर नाही, म्हणून आत आलेल्या पाण्यावरून हिशेब करतात.

या दोन्हींची गाठ जुनी आहे. १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं आणि वापरलेलं पाणी जायचं कुठे, हा प्रश्न मोठा झाला. मैला तेव्हा माणसं वाहून नेत. त्यांना हलालखोर म्हणत, आणि १८८८ च्या महापालिका कायद्यात या सफाईसाठी बसवलेल्या कराचं नावच ‘हलालखोर कर’ होतं. मलनिःसारण कर हे नाव पुढे आलं. नाव बदललं, पण गटारात उतरणारी माणसं बहुतेक त्याच समाजांतली राहिली. दरवाढीवर बोलताना त्यांच्या सुरक्षेवर किती खर्च होतो, हे आधी विचारलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

पुढे १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने पाणी आणि मलनिःसारणाची मोठी कामं सुरू झाली. या दोन सेवांचा जमाखर्च ‘अर्थसंकल्प ग’ म्हणून वेगळा मांडला जाऊ लागला. सेवेचा खर्च सेवेच्याच उत्पन्नातून निघावा, हा त्यामागचा विचार. १९९५ नंतरच्या टप्प्यात वरळी आणि वांद्रे इथून समुद्रात तीन किलोमीटरहून लांब बोगदे नेले. सांडपाणी किनाऱ्यापासून दूर गेलं, पण शुद्ध झालं नाही.

ते शुद्ध करण्यासाठी वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर इथल्या सात प्रक्रिया केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. क्षमता दिवसाला सुमारे २,४६० दशलक्ष लिटर, खर्च सुमारे १७,२०० कोटी रुपये. मधल्या वर्षांत प्रदूषणाचे निकष बदलले, निविदा रखडल्या. बांधणीचा पैसा एकदाच लागतो; वीज, रसायनं, गाळाची विल्हेवाट यांचा खर्च मात्र कायमचा.

दरवर्षी ८ टक्क्यांपर्यंत वाढ करण्याची मुभा महापालिकेच्या २०१२ च्या ठरावाने प्रशासनाला दिली. २०२२ मध्ये ७.१२ टक्के वाढ झाली आणि इमारतींतल्या घरांचा दर हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे झाला. पुढच्या वर्षीचा ८ टक्क्यांचा प्रस्ताव विरोधामुळे अमलात आला नाही.

महिन्याला २० हजार लिटर वापरणाऱ्या घराचं उदाहरण घ्या. ६.३६ च्या दराने पाण्याचे १२७ रुपये आणि मलनिःसारणाचे ८९, मिळून २१६. आठ टक्के वाढ धरली तर हेच २३३ च्या पुढे जातात. वाढलेल्या सुमारे सतरा रुपयांतले सात दुसऱ्या ओळीतले असतात.