नक्षी कोरी, टायर म्हातारा

चवथ सरली की गोव्यात शापोऱ्यापासून साळ नदीपर्यंत भाटांतल्या, म्हणजे बागायतींतल्या, ताडपत्र्या निघतात आणि पावसाळाभर पडून असलेल्या छोट्या होड्या ट्रेलरवर चढून पुन्हा रस्त्याला लागतात. निघण्यापूर्वी मालक टायरला एक लाथ घालतो, नक्षीवर नजर टाकतो आणि ‘नवाच आहे की’ म्हणून ट्रेलर गाडीला अडकवतो. मोटारीच्या बाबतीत ही तपासणी निदान अर्धी तरी बरोबर असते. इथे मात्र ती सपशेल फसवते. घर ते धक्का, धक्का ते घर एवढ्याच धावेत नक्षी झिजणार कधी? हा टायर जातो तो उभ्या-उभ्या.

त्यामागे रसायनशास्त्र आहे. हवेतला ओझोन रबराच्या लांब साखळ्यांतले दुहेरी बंध तोडतो आणि जिथे रबर ताणलेले असते तिथेच, ताणाला काटकोनात, भेगा पाडतो. कारखान्यात रबरात मेण आणि ओझोनरोधक रसायने घातलेली असतात. टायर फिरताना रबर वाकते-सुटते आणि ही रसायने हळूहळू पृष्ठभागावर येऊन तिथे पातळ थर धरतात. जूनपासून जागचा न हललेला टायर या संरक्षणाला मुकतो. शिवाय जमिनीलगतचा त्याचा फुगवटा सतत ताणलेलाच राहतो. म्हणून बसून, अंगठ्याने टायरची बाजू रिमजवळ दाबून पाहावी. केसाएवढ्या बारीक रेषा उघडताना दिसल्या, तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदलायला झाला. जन्मतारीख बाजूवरच कोरलेली असते: चार आकडे, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढे ट्रेलरचा टायर मी तरी वापरणार नाही. दुकानात ‘नवा’ म्हणून मिळणाऱ्या टायरचेही हे आकडे आधी वाचावेत.

आता भार. सोळा फुटी फायबरची होडी साधारण ३५० किलो धरा. ४० अश्वशक्तीचे इंजिन १०० किलो, पेट्रोल, बॅटरी, नांगर, दोर, जॅकेटे मिळून आणखी १०० आणि खुद्द ट्रेलर २००. झाले ७५० किलो. त्यातले आठेक टक्के गाडीच्या हुकावर जातात. उरलेले ६९० दोन चाकांवर, म्हणजे चाकामागे ३४५.

अशा ट्रेलरला पुष्कळदा छोट्या मोटारीचा जुना टायर बसवतात. समजा त्यावर ‘१४५/८० आर १२ ७४ टी’ असे आहे. यातला ७४ हा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती भार पेलेल त्याचा संकेतांक. ७४ म्हणजे ३७५ किलो. वरकरणी भागले. पण मोटारीचा टायर ट्रेलरला वापरायचा तर त्याची भारक्षमता १.१० ने भागून धरावी, असा अमेरिकेतला नियम आहे. ३७५ चे उरतात ३४१. चार किलो कमीच! होडीच्या तळाशी पावसाचे पन्नास लिटर पाणी साचलेले असले, तर तेही पन्नास किलो. ट्रेलरसाठी खास बनवलेल्या टायरच्या बाजू जास्त ताठ असतात, त्यामुळे वळणावर ट्रेलर कमी झुलतो. तो मिळाला तर उत्तम. नाहीतर छोट्या मालवाहू टेंपोचा, ज्यावर ‘एलटी’ (हलक्या मालवाहू गाडीचा) आणि ‘८ पीआर’ (थरांच्या बळाचा आकडा) लिहिलेले असते तो, मोटारीच्या टायरपेक्षा केव्हाही बरा. मात्र त्यातल्या हवेचा जास्त दाब रिमला सोसायला हवा. लोड इंडेक्स ८० म्हणजे ४५० किलो. वरच्या होडीला मी याच्या खाली उतरणार नाही.

रिक्षाची आठ इंची चाके स्वस्त आणि ट्रेलर खाली ठेवणारी, त्यामुळे होडी पाण्यात उतरवायला सोपी. पण ताशी ६० किलोमीटरला ती मिनिटाला सुमारे ७६० फेरे घेतात. १५५/८०ची तेरा इंची चाके साधारण ५५०. प्रत्येक फेऱ्यात रबर एकदा चेपते आणि त्या चेपण्यातली थोडी ऊर्जा उष्णता होऊन आतच राहते. हवा कमी असली की चेपणे वाढते आणि उष्णताही. गावातल्या धक्क्यापर्यंत ठीक आहे. काणकोणहून मांडवीला होडी आणायची तर मोठे चाक घ्या. हवा सकाळी, टायर गार असताना, भारानुसार भरावी. ट्रेलरच्या खास टायरला बहुधा बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबापर्यंत.

टायर रेडियल बांधणीचा घ्यावा की नायलॉनचा? रेडियल कमी तापतो, पण त्यात पोलादी तारांचा पट्टा असतो आणि खोल चिरेतून खारे पाणी तिथवर गेले की तो आतून गंजतो. नायलॉनला बहुधा तो पट्टा नसतो. मात्र उभा राहून तो खालून चपटा होतो आणि सुरुवातीचे काही किलोमीटर धडधडतो. लांब पल्ल्याला रेडियल, एवढेच म्हणेन. पावसाळ्यात ट्रेलर ठोकळ्यांवर उचलून ठेवला तर दोन्ही प्रकारच्या टायरांचा ताण उतरतो.

धक्क्यावर पोचताच ट्रेलर पाण्यात ढकलू नये. तापलेला हब, म्हणजे चाकाचा मधला भाग, एकदम गार झाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून खारे पाणी बेअरिंगमध्ये ओढले जाते. थोडे थांबावे. होडी उतरवल्यावर रिम, हब गोड्या पाण्याने धुवावेत. कडेला गंज धरला की टायर रिमवर नीट बसत नाही आणि हवा झिरपू लागते.

राहिली स्टेपनी. गाडीची स्टेपनी ट्रेलरच्या बोल्टांवर बसेलच असे नाही, म्हणून ट्रेलरची वेगळी हवी, आणि भरल्या होडीखाली जाईल असा जॅकही. ती तर कधीच फिरलेली नसते. तिच्यावरचे चार आकडे सगळ्यात आधी वाचा.