फॉस्फेट-शोषक माध्यमे : खाऱ्या पाण्याच्या टाकीतील वापर (खानदेश)

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयात विरघळलेले फॉस्फेट पकडून ठेवण्यासाठी फिल्टरमध्ये घालायचे दाणेदार पदार्थ. दुकानात आणि हौशी मंडळींत त्यांना नुसते ‘मीडिया’ म्हणतात. तपकिरी-लाल दाण्यांचा लोह हायड्रॉक्साइड आणि पांढऱ्या गोळ्यांचा सक्रिय ॲल्युमिना हे दोन मुख्य प्रकार. लोहाचा प्रकार मुळात पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक काढण्यासाठी तयार झाला. मत्स्यालयात तो नंतर आला.

प्रवाळ खडकांभोवतीच्या समुद्रात वरच्या थरातील फॉस्फेट लिटरला ०.०२ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. घरच्या टाकीत ते सहज ०.५ च्या पुढे जाते आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा खाद्यात असते. कोरड्या खाद्यात वजनाच्या साधारण १ टक्का फॉस्फरस धरला, तर १ ग्रॅम खाद्यातून शेवटी ३० मिलिग्रॅम फॉस्फेट निघते. २०० लिटरच्या टाकीत याचा अर्थ ०.१५ मिलिग्रॅमची वाढ, तीही एका ग्रॅमने. माशांना एवढ्या फॉस्फेटने विषबाधा होत नाही. काचेवर आणि दगडांवर शेवाळ माजते, आणि प्रवाळे असतील तर त्यांचा चुन्याचा सांगाडा वाढण्याचा वेग मंदावतो.

भारतात खडक बांधणारी प्रवाळे २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत घातली गेली. त्यामुळे जळगाव, धुळे, नंदुरबारकडे खाऱ्या पाण्याची टाकी म्हटली की डोळ्यांसमोर येते ती क्लाउनफिश, डॅमसेल अशा माशांची आणि दगडांची. अशा टाकीत प्रवाळ-टाक्यांसाठीचा ०.०३ चा आकडा गाठण्याचा अट्टहास अनाठायी आहे. शेवाळ आटोक्यात असेल तर ०.१ ते ०.२ वर कोणाचे काही अडत नाही. परदेशी प्रवाळ-टाक्यांचे आकडे जसेच्या तसे इकडे लावले जातात आणि मीडिया गरजेपेक्षा जास्त खपतो.

माध्यमाचे काम अधिशोषणाने चालते. दाण्याच्या असंख्य छिद्रांच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट असतात. फॉस्फेट त्यांची जागा घेऊन धातूला चिकटते. जागा भरल्या की काम थांबते, पण दाण्याचा रंग बदलत नाही, म्हणून चाचणीखेरीज ते कळत नाही. अन्नाच्या कणांत आणि विष्ठेत अडकलेला सेंद्रिय फॉस्फरस मात्र विघटन होऊन सुटा होईपर्यंत माध्यमाच्या हाती लागत नाही.

केळीला-कापसाला डीएपी (फॉस्फेटयुक्त खत) टाकणाऱ्याला यातला अर्धा भाग ठाऊक असतो. तापीकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत टाकलेल्या स्फुरदाचा (फॉस्फरसचा) मोठा हिस्सा कॅल्शियमशी बांधला जातो आणि पिकाला लगेच मिळत नाही. टाकीतले दगड आणि वाळूही कॅल्शियम कार्बोनेटचीच. महिनोन्‌महिने ती फॉस्फेट साठवत असतात. पाण्यातले प्रमाण माध्यमाने उतरवले की दगड साठवलेले परत सोडू लागतात. चाचणीचा आकडा चार दिवस खाली आणि पुन्हा वर, असा प्रकार दिसतो तो यामुळे. मीडिया बनावट निघाला म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नसतो. जुन्या टाकीत दगड रिकामे होईपर्यंत माध्यम दोन-तीनदा बदलावे लागते.

स्फुरद जमिनीतच अडकत असल्याने खतांचा एवढा वापर असूनही बोअरच्या पाण्यात फॉस्फेट सहसा कमीच आढळते. खानदेशातली खरी अडचण सिलिकाची (वाळू-दगडातल्या सिलिकॉनच्या संयुगाची) आहे. दख्खनच्या बेसाल्टातून आणि त्याच्याच गाळातून झिरपलेल्या पाण्यात विरघळलेला सिलिका फॉस्फेटच्या कितीतरी पट असतो, आणि लोह हायड्रॉक्साइड व ॲल्युमिना दोन्ही सिलिकेटही धरतात. म्हणजे फॉस्फेटसाठी घेतलेल्या जागा सिलिकाच अडवून बसतो. टाकीत तपकिरी डायटमचा (सिलिकावर वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचा) थर वारंवार येत असेल तर आधी हाच संशय घ्यावा.

त्यात इथला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, टाकीवर पंखे लावावे लागतात आणि बाष्पीभवन वाढते. उडते ते नुसते पाणी. मीठ, फॉस्फेट, सिलिका मागे राहतात. भरपाईच्या प्रत्येक बादलीबरोबर नवा सिलिका आत येतो आणि साचत जातो. त्यामुळे भरपाईचे पाणी आरओचे आणि त्यापुढे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार पकडणाऱ्या दाण्यांतून) काढलेले, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) शून्याला टेकलेले हवे. घरगुती आरओ यंत्राला चवीसाठी कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते, ती बंद करावी. जारच्या पाण्यावर टीडीएस मीटर लावल्याशिवाय भरवसा ठेवू नये.

पाणी बदलून फॉस्फेट उतरवणे इथे महाग पडते. समुद्राचे पाणी आणावे म्हटले तर सुरतेकडचे खंभातच्या आखाताचे पाणी गाळाने गढूळ, म्हणून तयार मीठ विरघळवूनच काम भागवावे लागते. २०० लिटरच्या टाकीत २० टक्के पाणी बदलायला सुमारे १.४ किलो मीठ लागते, आणि ०.३ चा आकडा जेमतेम ०.२४ वर येतो. माध्यमाचे खरे समर्थन या हिशोबात आहे. पण त्याआधी खाद्य कमी करणे, गोठवलेले खाद्य वितळवून त्याचे पाणी फेकणे आणि फिल्टरचा स्पंज वेळेवर धुणे, हे फुकटचे उपाय करून पाहावेत.

वापरण्यापूर्वी दाणे आरओच्या पाण्यात, धूळ जाईपर्यंत धुतात. लोहाचे दाणे जाळीच्या पिशवीत घट्ट बांधले तर गठ्ठा होऊन पाणी बाजूने निघून जाते. म्हणून छोट्या रिॲक्टरमध्ये (दाण्यांतून पंपाने पाणी फिरवणाऱ्या बंद नळकांड्यात), खालून वर जाणाऱ्या मंद प्रवाहात, ते नुसते हलते राहतील असे ठेवतात. जोरात घुसळले तर झिजून पाणी लाल होते. ॲल्युमिनाला पिशवी चालते, मात्र तो जास्त झाला तर मऊ लेदर प्रवाळे आक्रसतात. लाईट जास्त वेळ गेली की बंद रिॲक्टरमधल्या पाण्यातला प्राणवायू संपतो. पंप पुन्हा सुरू करताना ते पहिले पाणी टाकीत न सोडता बादलीत काढावे.

सुरुवात पाकिटावरच्या निम्म्या मात्रेने करतात. फॉस्फेट झपाट्याने उतरले तर प्रवाळांच्या ऊती सुटू शकतात, आणि लोहाच्या माध्यमासोबत पाण्याची क्षारताही (अल्कलिनिटी) घटताना दिसते, म्हणून तीही मोजावी. फॉस्फेट शून्यावर नेणे हे यश नव्हे: हिरवे शेवाळ उपाशी राहते आणि मोकळ्या जागेत डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय सूक्ष्मजीवांचा चिकट, बुडबुडेदार थर पसरतो. तो घालवणे शेवाळापेक्षा कितीतरी अवघड.

मापनासाठी मॉलिब्डेनम-निळा पद्धत वापरतात; फॉस्फेट जितके जास्त तितका निळा रंग गडद. रंगपट्टीवर ०.१ च्या खालचे फरक डोळ्याला नीट कळत नाहीत. हातात मावणारे फोटोमीटर त्यासाठी बरे. काही मीटर फॉस्फेटऐवजी फॉस्फरसचा आकडा अब्जांश भागांत दाखवतात. त्याला ३.०७ ने गुणून १००० ने भागले की लिटरला मिलिग्रॅममधले फॉस्फेट मिळते. रिॲक्टरमध्ये शिरणाऱ्या आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा आकडा सारखाच आला की दाणे बदलायचे. कॉस्टिक सोड्याने ते पुन्हा वापरण्याजोगे करता येतात, पण सोडा त्वचा आणि डोळे भाजतो, म्हणून घरी हा खटाटोप कोणी करू नये.