पहिला प्सुसेनिस : टॅनिसचा रुपेरी राजा

पहिला प्सुसेनिस (कारकीर्द सु. इ.स.पू. १०४७–१००१) हा प्राचीन इजिप्तच्या एकविसाव्या घराण्यातील राजा. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील टॅनिस ही त्याची राजधानी. त्याचे इजिप्ती नाव पसेबखाएननिउत, म्हणजे ‘नगरीत उगवलेला तारा’; ही नगरी म्हणजे थीब्ज. प्सुसेनिस हे ग्रीकांच्या तोंडी रुळलेले रूप. १९४० मध्ये पिएर माँते या फ्रेंच पुरातत्त्वज्ञाला त्याचे दफन जसेच्या तसे मिळाले. तुतांखामेनच्या कबरीत प्राचीन काळीच चोर शिरून गेले होते. प्सुसेनिसच्या दफनदालनापर्यंत मात्र कोणीच पोहोचले नव्हते. तरीही शाळकरी मुलाला तुतांखामेन ठाऊक असतो आणि प्सुसेनिसचे नाव ऐकलेला माणूस शोधावा लागतो.

प्सुसेनिस गादीवर आला तेव्हा रामेसेस राजांचे वैभव सरले होते. अकराव्या रामेसेसनंतर देशाचे दोन तुकडे झाले : उत्तरेत टॅनिसचे राजे आणि दक्षिणेत थीब्जला आमोन देवाचे मुख्य पुजारी. फाळणी म्हणावी, तर दोन्ही टोकांना एकच कुटुंब बसलेले. प्सुसेनिसचे वडील पहिले पिनेजेम थीब्जचे मुख्य पुजारी होते आणि पुढे त्यांनी स्वतःला राजाही म्हणवून घेतले. त्यांच्यानंतर ती गादी प्सुसेनिसच्या भावांकडे गेली. त्यांतील मेनखेपेर्रे याला प्सुसेनिसने आपली मुलगी इसेतेमखेब दिली. काका-पुतणीच्या या लग्नाने दोन दरबारांचे नाते आणखी घट्ट झाले. प्सुसेनिसची स्वतःची राणी मुतनेजमेत ही त्याची बहीणच. काही ठिकाणी तो आपले नाव ‘रामेसेस-प्सुसेनिस’ असे लिहवून घेतो. जुन्या नावाचा दरारा तेव्हाही कामाला येत असावा.

टॅनिस, म्हणजे आजचे सान अल-हगर, हे शहरही बरेचसे दुसऱ्याच्या सामानातून उभे राहिले. रामेसेसांची राजधानी पी-रामेसेस नाईलच्या ज्या फाट्यावर होती तो गाळाने भरत गेला. बंदर निकामी झाले आणि शहर ओसरले. मग तिथले ओबेलिस्क (उंच, निमुळते दगडी स्तंभ), पुतळे, कोरीव शिळा उचलून टॅनिसला आणल्या गेल्या. प्सुसेनिसने आमोनच्या मंदिराभोवती कच्च्या विटांचा प्रचंड जाड तट बांधला. त्या विटांवर त्याच्या नावाचे शिक्के सापडतात. रामेसेसांच्या नावाचे इतके दगड पाहून माँतेने टॅनिस हेच पी-रामेसेस असे ठरवून टाकले होते. पुढे कांतीर या पी-रामेसेसच्या खऱ्या जागेवरील उत्खननाने तो समज खोटा ठरवला.

प्सुसेनिसची कबर मात्र मंदिराच्या तटाच्या आतच का, याला कारण आहे. थीब्जला राजांच्या खोऱ्यातील डोंगरात खोदलेल्या कबरी एव्हाना फोडल्या गेल्या होत्या. उघड्या पडलेल्या राजांच्या ममी गोळा करून, नव्या कापडात गुंडाळून लपवण्याचे काम पिनेजेमच्या काळात चालू होते. अंगावरचे उरलेसुरले सोने या कामात कुठे गेले हे न विचारलेले बरे. थीब्जजवळच्या देर अल-बहरी येथील ज्या गुप्त विवरातून अशा ममी १८८१ मध्ये बाहेर काढल्या गेल्या, त्याच विवरात खुद्द पिनेजेमचीही ममी होती. त्रिभुज प्रदेशात तर डोंगरच नाही. त्यामुळे मंदिराच्या आवारात जमीन खणून, जुन्या इमारतींचे दगड रचून खोल्या बांधायच्या आणि वर माती लोटायची, हा मार्ग निघाला. कालांतराने त्यावर कच्च्या विटांची घरे चढली आणि खालचे सारे विसरले गेले.

माँते १९२९ पासून टॅनिसला खणत होता. १९३९ च्या फेब्रुवारीत त्याला दुसऱ्या ओसोर्कोन राजाची कबर लागली, ती लुटलेली. मार्चमध्ये शेजारची कबर उघडली. पुढच्या दालनात बहिरी ससाण्याच्या तोंडाच्या चांदीच्या शवपेटीत दुसरा शेशोंक हा नंतरच्या घराण्यातील राजा निघाला. भिंतीवरची नावे मात्र प्सुसेनिसची होती, म्हणजे यजमान आणखी आत होता. त्याच्या दालनाची वाट ग्रॅनाइटच्या ठोकळ्याने बुजवून भिंतीआड दडवलेली होती. तिथपर्यंत पोहोचायला १९४० चा फेब्रुवारी उजाडला. शेजारचे, मूळचे राणी मुतनेजमेतचे दालन एप्रिलमध्ये उघडले; त्यात तिच्या जागी पुढचा राजा आमेनेमोप होता. मे महिन्यात जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या. सोन्याच्या मुखवट्याची बातमी त्या गदारोळात कोण वाचणार?

आतली मांडणी एकात एक बसवलेल्या पेट्यांची होती. सर्वांत बाहेरची पेटी गुलाबी ग्रॅनाइटची. ती मूळची मेर्नेप्ताह या एकोणिसाव्या घराण्यातील राजाची. राजांच्या खोऱ्यातून तिला नाईलमार्गे थेट उत्तरेला आणले होते, आणि थीब्जच्या नातेवाईक पुजाऱ्यांच्या संमतीवाचून एवढे धूड तिथून हलणे कठीणच. कारागिरांनी जुने नाव छिन्नीने खोडून नवे कोरले. फक्त झाकणावर कोरलेल्या राजमूर्तीच्या कमरपट्ट्यावर ‘मेर्नेप्ताह’ तसेच राहिले. ती नजरचूक होती की जुन्या मालकाचा मान राखला होता, यावर अभ्यासक आजही वाद घालतात. झाकणाच्या आतल्या बाजूला आकाशदेवी नूत कोरली आहे. हात पसरलेली ती खाली तोंड करून आहे, म्हणजे झाकण बसले की राजा आणि देवी समोरासमोर. या पेटीत काळ्या ग्रॅनाइटची मनुष्याकृती पेटी, तीही एकोणिसाव्या घराण्याच्या काळातील कुणा बड्या असामीची. तिच्या आत मात्र खास या राजासाठी घडवलेली चांदीची शवपेटी होती. कपाळावर सोन्याची पट्टी आणि सोन्याचा नाग. हिच्यामुळेच त्याला ‘रुपेरी राजा’ म्हणतात.

इजिप्तमध्ये चांदी सोन्याहून महाग होती, असे या पेटीविषयी वारंवार छापले जाते. ते फार जुन्या काळापुरते खरे. नव्या राज्याच्या, म्हणजे प्सुसेनिसच्या आधीच्या काही शतकांच्या, काळातील हिशेबांत एक भार सोन्याला दोन भार चांदी असा भाव दिसतो. चांदीचे मोल वेगळ्या कारणाने होते : सोने दक्षिणेकडच्या नूबियातून आणि वाळवंटातल्या खाणींतून मिळे, चांदी बहुतेक समुद्रापलीकडून यायची. शिवाय देवांचे मांस सोन्याचे, हाडे चांदीची आणि केस लाजवर्द या निळ्या रत्नदगडाचे अशी इजिप्ती लोकांची समजूत होती. या पेटीत सोन्याचा मुखवटा ल्यालेला राजा हाडामांसाने देवच झाला होता.

मुखवटा सुमारे ४८ सेंटिमीटर उंच आहे. डोळे आणि भुवया काच व लाजवर्दाच्या जडावाच्या, बाकी सारे नुसते सोने. तुतांखामेनच्या मुखवट्यावरील शिरोवस्त्राचे निळे पट्टे इथे नाहीत. त्यांच्या जागी साध्या कोरलेल्या रेघा आहेत. पत्रा जेमतेम ०.६ मिलिमीटर जाडीचा. या लेखकाला तरी हा शांत, थोडासा हसरा चेहरा तुतांखामेनहून अधिक आवडतो. हातापायांच्या बोटांना सोन्याची टोपणे, पायांत सोन्याच्या चपला, आणि गळ्यात सोन्याच्या चकत्या ओवलेले अनेकपदरी हार. त्यांतील एकाचे वजन आठ किलोंच्या घरात भरते. लाजवर्दाच्या एका माळेत एका मण्यावर इजिप्ती नव्हे, तर कीलाकार लिपी आहे. असीरियातील एका अधिकाऱ्याने आपल्या थोरल्या मुलीसाठी देवाला वाहिलेला तो मणी टॅनिसला कसा आला असेल, याची नुसती कल्पनाच करावी. दालनात सोन्याचांदीची ताटे-भांडी होती, आणि दुसऱ्या रामेसेसच्या नावाची काशाची एक शेगडीसुद्धा.

त्रिभुज प्रदेशातील ओलीने मात्र घात केला. लाकूड आणि कापड कुजून गेले, ममीची फक्त हाडे उरली. कैरोचे शरीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांनी ती तपासली. दात झिजलेले आणि किडलेले, गळवाने टाळूला पडलेले भोक, सांध्यांना संधिवात. दीर्घायुषी राजाचे अखेरचे दिवस अंथरुणाला खिळून गेले असावेत. त्याच्याबरोबर पुरलेला सेनापती वेन्जेबाउएनजेद याचे दालन युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये हाती लागले.

टॅनिसचा हा खजिना कैरोच्या तहरीर चौकातील इजिप्ती संग्रहालयात आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या दुरुस्ती-प्रयोगशाळेतून आमेनेमोपची लाजवर्दाचा मणी जडवलेली सोन्याची बांगडी नाहीशी झाली. सरकारी तपासात निघाले की ती विकली गेली होती, आणि इतर सोन्याबरोबर वितळवलीही गेली होती.