पार्श्वभूमी : मधुमेहींच्या हृदयाचे मज्जातंतू आणि २००८चा निर्णय

मधुमेहात पायांचे मज्जातंतू बिघडतात, हे एकोणिसाव्या शतकातच नोंदले गेले होते. हृदयाचे ठोके आणि रक्तवाहिन्यांचे आकुंचन सांभाळणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंकडे नीट लक्ष गेले ते मात्र १९७०च्या दशकात. निरोगी माणसाचे ठोके श्वास घेताना वाढतात, सोडताना उतरतात. काही मधुमेहींत हा चढउतारच राहत नाही, असे १९७३मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी दाखवले.

पुढे एडिंबरात पाच साध्या चाचण्यांचा संच रूढ झाला. एका चाचणीत मिनिटाला सहाच श्वास घ्यायचे, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, आणि ईसीजी चालू ठेवायचा. सर्वांत जलद आणि सर्वांत संथ गतीत १५ ठोक्यांचा फरक पडला तर ठीक. १० किंवा कमी म्हणजे बिघाड. (वयानुसार हा फरक आटतो, म्हणून हे आकडे पुढे वयोगटांत विभागले गेले.) १९८०मध्ये त्याच शहरातून ७३ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. चाचण्या बिघडलेल्यांपैकी सुमारे निम्मे पाच वर्षांत दगावले होते. त्यांतल्या बऱ्याच जणांची मूत्रपिंडे निकामी झाली होती, हे मात्र तो आकडा सांगताना सहसा गाळले जाते.

१९९३मध्ये टाइप १ रुग्णांत कडक शुगर नियंत्रणाने स्वायत्त मज्जातंतूंच्या या विकाराचा धोका निम्म्याने घटल्याचे दिसले. तेच टाइप २ मध्येही होईल, अशी आशा होती. अमेरिका-कॅनडात १०,२५१ रुग्णांवर चाचणी झाली, शुगरची तीन महिन्यांची सरासरी (HbA1c) ६ टक्क्यांच्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवून. फेब्रुवारी २००८मध्ये तिचा कडक उपचारांचा भाग मुदतीआधी थांबवला गेला. त्या गटात २५७ मृत्यू झाले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात २०३.

निर्णय घाईचा होता का, यावर बराच वाद झाला. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत असे जादा मृत्यू दिसले नव्हते. तरी समोर मृत्यू वाढत असताना थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते, असे मला वाटते. घोळ झाला तो कारण शोधताना. संशय स्वायत्त मज्जातंतूंवर गेला. कडक उपचारांत शुगर फार घसरू शकते, आणि हे मज्जातंतू बिघडले की ती घसरल्याची धडधड, घाम ही खूण कळत नाही आणि रुग्ण गाफील सापडतो. तर्क बिनतोड होता, पण २०१०च्या विश्लेषणात तो टिकला नाही. हा विकार असलेल्यांत मृत्यूचा धोका दीडपट ते दुप्पट होता खरा, पण दोन्ही गटांत जवळपास सारखाच. शिवाय निदान केले होते दहा सेकंदांच्या ईसीजीवरून. एडिंबरातल्या चाचण्या केल्याच नव्हत्या. एवढ्या तुटपुंज्या मोजमापावर प्रश्न निकाली निघाला म्हणणे धाडसाचेच.

२००९मध्ये टोरांटोत निकष ठरले: एक चाचणी बिघडली तर शक्यता, दोन बिघडल्या तर निदान पक्के, त्यात उभे राहिल्यावर बीपी घसरत असेल तर विकार गंभीर. तपासणी कोणाची करायची, यावर मात्र सल्ला बदलत राहिला. २००५मध्ये टाइप २ असल्याचे कळताच ती करा म्हणणाऱ्या अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१७मध्ये लक्षणे किंवा इतर गुंतागुंत असलेल्यांवर भर दिला. आपल्या ओपीडीत तर बीपी बहुधा बसवूनच घेतात.